दरूचं तेल आणि दोन जावा

सगळं गाव जिला खालती, म्हणजे मावशी, म्हणतं त्या हद्दाबद्दल कुणी वाकडं बोललं की मी त्याच्या अंगावर जाते. तशी मी कुणाच्याही अंगावर जाते, गावाला ते माहीत आहे. पण हद्दासाठी जरा जास्तच जाते, आणि त्याला कारण आहे.

चार मुलींनंतर पाचवीही मुलगीच झाली तेव्हा बापानं तिचं नाव हद्दा ठेवलं. म्हणजे हद्द झाली, आता पुरे. त्यावर सहावीही मुलगीच झाली, तिचं नाव काय ठेवलं ते कुणाला आठवत नाही. पण आज वर ऐन दराहम शहराच्या बाजारापासून खाली समुद्रापर्यंत कुणालाही विचारा, दरूवाली हद्दा कुठे राहते, लोक बोट दाखवतील. तिच्या बापाचं नाव त्याच्या शेळ्यांनाही आठवायचं नाही.

दरू आमच्या दारादारात उगवते. बूचाच्या झाडांखाली, ओढ्याच्या काठानं, कबरस्तानाच्या भिंतीला लागून. छातीभर उंचीचं झुडूप, बारा महिने हिरवं. वर बर्फ पडला तरी पान गाळत नाही. शेळ्या खातात, आम्ही सरपण करतो, अंजिरं वाळत घालताना खाली तिची पानं पसरतो. इतक्या जवळच्या झाडाची किंमत कोण करतो? हद्दा करते. हिरड्या सुजल्या की चार पानं चावून चूळ भरायला लावते. पोट बिघडलं की कोवळ्या शेंड्यांचा काढा देते, तो इतका तुरट की माझा नवरा अम्मार म्हणतो, "पोट थांबो न थांबो, माणसाची तक्रार थांबते." गाईच्या खुराला जखम झाली तर पानं कुटून बांधते. आणि थंडीत फळं लाल होऊन काळी पडली की त्यांचं तेल काढते. खोकल्याला छातीवर, म्हाताऱ्यांच्या सांध्यांना, सकाळी अनशापोटी एक घोट, आणि कुणी बघत नसेल तर गरम भाकरीवर. हो, भाकरीवर मीच खाते. मला आवडतं.

पण औषध देणाऱ्या बायका ह्या डोंगरात पायलीला पन्नास आहेत. "नाही देत, चालती हो," असं सांगणारी ही एकच. छातीत कळ येते म्हणून कुणी तेल मागायला आला तर ती त्याला दारातूनच दवाखान्यात पिटाळते. ताप तिसऱ्या दिवशी उतरला नाही, पिटाळते. आणि दात न आलेल्या पोराच्या तोंडात तेलाचा थेंब जाऊ देत नाही. नाकात तर नाहीच नाही. आमच्याकडे जुन्या सासवा खोकणाऱ्या तान्ह्या पोराच्या नाकात तेल सोडतात, वाटतं छाती मोकळी होईल. हद्दानंही एकदा सोडलं होतं. तीस वर्षं झाली त्याला. तेल पोराच्या छातीत उतरलं, पोर निळं पडलं. तिनं त्याला पदराखाली घेऊन पावसातून शहरातलं इस्पितळ गाठलं, आणि डॉक्टरनं भर ओसरीत तिला नाही नाही ते सुनावलं. पोर वाचलं, आता ट्रक चालवतं. दुसरी असती तर ही गोष्ट पोटात ठेवून मेली असती. ही प्रत्येक बाळंतिणीच्या खाटेशी बसून सांगते. "ही चूक माझी आहे," म्हणते, "ती माझी करून झालीय. तुम्ही दुसरी शोधा."

तेल काढायची तिची रीत सांगते. काळी फळं निवडायची, फक्त काळी. लाल घातली की तेल कमी आणि घसा खवखवतो. सुनांना घाई असते, त्या मूठभर लाल सरकवतात. हद्दा नुसतं हुंगून सांगते कुणाच्या टोपलीतली ती. मग फळं जात्यावर भरडायची, मळायची, पोत्यात भरायची आणि पोतं उतरत्या दगडावर ठेवून तुडवायचं. वरून गरम पाणी ओतत राहायचं. खाली परातीत पाणी उतरतं, त्यावर तेल तरंगतं. ते हद्दा चमच्यानं काढत नाही. तळहात पाण्यावर अलगद टेकवते, उचलते आणि मडक्याच्या काठाला निपटते. एवढंच. पुन्हा टेकवते. मी करून पाहिलं, माझ्या हाताला नुसतं पाणी लागलं.

तुडवायला दोघी लागतात. पोतं गरम आणि निसरडं, एकटी बाई टिकत नाही. म्हणून समोरासमोर उभं राहायचं आणि एकमेकींची कोपरं धरायची. आणि ह्या तुडवण्याचा एक नियम आहे, तो आमच्या आज्यांच्याही आज्यांपासून चालत आलाय: मनात अढी ठेवून तुडवलं तर तेल वर येत नाही. पाणी येतं, गाळ येतो, तेल फळातच बसून राहतं. हसू नका. माझ्या चुलतबहिणीचं एकदा आलं नव्हतं, आणि ती नवऱ्यावर खरंच रुसली होती.

जोड्या हद्दा लावते. तिच्या शब्दापुढे कुणी जात नाही.

आता माझी अढी. दाविया माझी जाऊ, थोरल्या दिराची बायको. तिच्या माझ्या घरात एक भिंत. सहा वर्षांपूर्वी तिच्या मुलाच्या सुंतेची मेजवानी होती, तेव्हा माझं पोर पोटात होतं. त्या काळी फोन फक्त तिच्या घरी, तोसुद्धा गच्चीवर चढलं तरच लागायचा. दुपारी फोन आला की माझी आई गेली. डोंगरापलीकडे माझं माहेर. दावियानं फोन घेतला, खाली उतरली, आणि मला काही सांगितलं नाही. मला शेजारी बसवून जेवू घातलं. वाफवलेल्या रव्याचं कुसकुस वाढलं, त्यावर मटण वाढलं, मी पुरे म्हटलं तरी पुन्हा वाढलं. तीनदा. मी हसत होते, खात होते, आणि पलीकडे माझ्या आईला माती देत होते. मला दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं.

मी तिच्या तोंडावर थुंकले. सगळ्या गावासमोर. आणि सहा वर्षं तिच्याशी एक शब्द बोलले नाही. घरात ताकीदच होती, "तिचं नाव काढलं त्याला भाकरी नाही." अम्मारनं दोनदा काढायचा प्रयत्न केला, दोनदा उपाशी झोपला. मग त्यानं नाद सोडला. माहेरी कुणी तो दिवस काढला की मी उठून जायची.

गेल्या शरदात दावियाची मुलगी रिहाम भाजली. नऊ वर्षांची पोर. कुसकुसाच्या मोठ्या हंड्यातलं उकळतं पाणी तिच्या पायावर, नेमकं गुडघ्याच्या मागे सांडलं. किंकाळी भिंतीतून माझ्या घरात आली. मी उंबऱ्यापर्यंत धावले आणि तिथेच थांबले. ते मला आजही खुपतं, लपवून काय करू. हद्दा मात्र खालच्या आळीतून माझ्याआधी पोचली. दाविया तिच्या पाया पडत होती, "खालती, तेल दे, तेल दे!" आणि हद्दाचा आवाज मला इकडे ऐकू आला:

"उघड्या जखमेवर तेल लावलंस तर हात मोडीन तुझा! थंड पाणी ओत. ओतत राहा. आणि गाडी बोलव कुणीतरी, मेल्यांनो, उभे काय राहिलात!"

पोर इस्पितळात महिनाभर राहिली. घरी आली तेव्हा कातडी भरून आली होती, पण ताठ, चामड्याच्या पट्ट्यासारखी, आणि गुडघा वाकलेला. सरळच होईना. काठी घेऊन एका पायावर उड्या मारत चालायची. दवाखान्यातली नर्स स्पष्ट बोलली: कातडी मऊ ठेवा, रोज चोळा, रोज गुडघा दाबून सरळ करा, नाहीतर पाय जन्मभर असाच राहील. दाविया चोळायला बसायची, पोर ओरडायची, की हिचा हात थांबायचा आणि दोघी गळ्यात गळा घालून रडायच्या. मी भिंतीला पाठ लावून ऐकायची. पोरीनं माझं काय वाकडं केलं होतं?

मग हद्दा म्हणाली, आता तेल. पण तेल कुठे होतं? साल कोरडं गेलं होतं. दरूला फळ धरलं ते मोहरीएवढं, आणि त्यातलं अर्धं पाखरांनी नेलं. आदल्या वर्षीचं मडकं केव्हाच रिकामं. गावातल्या सगळ्या बायकांनी आठवडाभर हात ओरबाडून घेतले तेव्हा कुठे एक पोतं भरलं. एकच.

त्या संध्याकाळी हद्दा माझ्या दारात आली.

"सासिया, उद्या सकाळी पाय धुऊन ये."

"बरोबर कोण आहे?"

"दाविया."

"मग माझे पाय दुखतायत."

"बरं झालं. दुखणाऱ्या पायांसाठीच तेल काढतोय. ये."

"खालती, दुसरी बघ कुणीतरी. गावात काय बायकांचा दुष्काळ पडलाय?"

"बायका आहेत गं, पण सगळ्या काडीपैलवान. तू बैलासारखी आहेस. अल्ला तुला तशीच ठेवो."

ती वळून चालायला लागली. मी मागून ओरडले, "तेल आलं नाही तर माझ्यावर खापर फोडायचं नाही!"

"फोडणार तर," ती मागे न बघता म्हणाली.

मला तिचा डाव कळत नव्हता असं नाही. ह्या डोंगरातली निम्मी भांडणं तिनं त्या दगडावर मिटवलीत. मी ठरवूनच गेले होते: पाय देईन, तोंड देणार नाही. पोरीसाठी तुडवीन आणि घरी येईन.

सकाळी धुकं होतं. दगडाशेजारी विस्तव, विस्तवाजवळ दोन किटल्या. दाविया आधीच पाय धुऊन उभी. आम्ही पोत्यावर चढलो. हद्दा बिस्मिल्ला म्हणाली आणि मी सहा वर्षांनी माझ्या जावेची कोपरं धरली. हाताला नुसती हाडं लागली. केवढी वाळली होती ती! मला ते आवडलं नाही. मला तिचा राग राग करायचा होता आणि ती अशी चिमणीएवढी होऊन बसलेली. मी तिच्या डोक्यावरून पलीकडच्या बूचाच्या झाडाकडे बघत तुडवायला लागले.

एक तास तुडवलं. हद्दा पाणी ओतत होती. परातीत तपकिरी पाणी उतरत होतं. तिनं तळहात टेकवला, उचलून आम्हाला दाखवला. ओला हात, दुसरं काही नाही.

"नुसतं पाणी," ती म्हणाली.

अजून तुडवलं. पोटऱ्या भरून आल्या. तिनं पुन्हा हात दाखवला.

"नुसतं पाणी. कुणाच्या मनात काय आहे ते मला ठाऊक नाही बायांनो. पण पोतं एकच आहे. दुसरं पुढच्या वर्षी, आणि पुढच्या वर्षी त्या पोरीच्या गुडघ्याला तेल लावून काय उपयोग?"

दाविया खाली मान घालून म्हणाली, "माझ्या मनात काही नाही, खालती."

झालं! माझं ठरवणं गेलं ओढ्यात.

"तुझ्या मनात काही नाही? तुझ्या? माझी आई मातीत जात होती आणि तू मला मटण वाढत होतीस! तीनदा! मेंढीच्या शेपटाची चरबी शोधून शोधून माझ्या ताटात टाकलीस! तुझी मेजवानी नासू नये म्हणून!"

"वाढलं!" दाविया ओरडली. ती बाई ओरडू शकते हे मला तेव्हा कळलं. "वाढलं, आणि परत वाढीन! तुझ्या आईनंच सांगितलं होतं वाढायला!"

"माझ्या आईचं नाव घेऊ नकोस, जीभ झडेल!"

"झडू दे! सहा वर्षं हीच जीभ चावत बसलेय मी!"

आम्ही एकमेकींची कोपरं नखं रुतवून धरली होती आणि त्या दगडावर अशा नाचत होतो की धुक्यातून कुणी बघितलं असतं तर पळून गेलं असतं. पाय थांबत नव्हते. रागात माणसाचे पाय थांबतच नाहीत. हद्दा केव्हातरी दुसरी किटली घेऊन ओतायला लागली होती, पायांना चटके बसत होते, पण तेव्हा लक्ष कुणाचं?

"फोनवर तुझी सख्खी मावशी होती," दाविया धापा टाकत म्हणाली. "रडत होती. म्हणाली, आदल्या रात्री तुझ्या आईनं सगळ्यांना जवळ बोलावलं. म्हणाली, माझं काही झालं तर सासियाला लगेच कळवू नका. तिला सातवा महिना आहे. ती ऐकणार नाही, डोंगर उतरत धावत सुटेल. ती लहानपणापासून तशीच आहे. म्हणाली, तिला आधी पोटभर जेवू घाला. मटण घाला, तिला मटण आवडतं. रात्रभर झोपू द्या. मग सकाळी सांगा."

माझे पाय थांबले.

"थांबू नकोस!" हद्दा परातीवरून ओरडली. "सासिया, थांबू नकोस! यायला लागलंय! रड हवं तर, पण तुडवत रड!"

मी तुडवत रडले. काय सांगू तुम्हाला. माझ्या आईचे शेवटचे शब्द सहा वर्षं भिंतीपलीकडे पडून होते आणि ते मी एका निसरड्या पोत्यावर नाचत ऐकले. मटण घाला, तिला मटण आवडतं. आईच ती. दुसरं कोण असं बोलेल?

"मग सकाळी का नाही सांगितलंस हे?" मी विचारलं. 

"सांगायला तोंड उघडलं तर तू त्यात थुंकलीस!"

 खरं होतं. मी तेव्हा तिला तोंड मिटायलाही वेळ दिला नव्हता.

"मग मलाही राग आला," दाविया म्हणाली. "म्हटलं, मर. नाही सांगत जा. नंतर वाटायचं सांगावं, पण तू मला बघून दार लावून घ्यायचीस. आणि माझंही चुकलं. मेलेल्या बाईचा निरोप होता. मी तो भिंतीवरून ओरडूनही सांगायला हवा होता."

तोवर वास आला होता. दरूच्या तेलाचा वास लपत नाही, नाकातून थेट कपाळात जातो. परातीत पाण्यावर हिरवट पिवळी साय धरली होती, आणि हद्दा गुडघ्यांवर बसून तळहात टेकवत होती, निपटत होती, टेकवत होती. तिच्या तोंडातून दुसरं काही निघत नव्हतं, फक्त "तुडवा, तुडवा, तुडवा."

पोतं कोरडं होईपर्यंत तुडवलं. तीन बाटल्यांना थोडं कमी तेल निघालं.

घरी जाऊन मी अम्मारला धरलं. "तुला माहीत होतं? आईचा निरोप?"

"होतं," तो म्हणाला, आणि दाराकडे सरकला.

"मग सहा वर्षं तोंड शिवलं होतंस?"

"मी दोनदा काढलं होतं," तो बिचारा म्हणाला. "दोनदा उपाशी झोपलो."

त्या दिवशी त्याला मी स्वतःहून तीन भाकऱ्या वाढल्या.

दुसऱ्या दिवशी हद्दानं तेलाची बाटली दावियाकडे दिलीच नाही. ती माझ्या हातात दिली. "रोज सकाळ संध्याकाळ तू चोळायचंस. आईला नाही जमत, पोर ओरडली की आईची बोटं विरघळतात. तुझ्यातला राग अजून पुरता गेलेला नाही, तो इथे खर्च कर."

तिनं मला शिकवलं. तेल आधी तळहातात गरम करायचं. अंगठ्यानं कातडीवर गोल गोल, घाई नाही, कातडी पांढरी पडली की थांबायचं. मग गुडघ्यावर दोन्ही हात ठेवून खाली दाबायचं, शंभर मोजेपर्यंत. पोरीनं मला काय काय शिव्या दिल्या! नऊ वर्षांची पोर एवढं कुठून शिकते?

"काकू, तुझ्या घरावर वीज पडो!"

"पडू दे. एकच भिंत आहे, तुझंही जळेल. सत्तर, एकाहत्तर..."

"तू मुद्दाम हळूहळू मोजतेस!"

"हो. बहात्तर."

दाविया बाहेर भट्टीपाशी बसायची, कानात कापूस घालून. तिसऱ्या दिवशी तिनं चहा आणून ठेवला आणि गेली. दहाव्या दिवशी बसली. पंधराव्या दिवशी आम्ही दोघी मिळून पोरीला दाबत होतो आणि भाव वाढल्याबद्दल बोलत होतो.

हद्दा दर शुक्रवारी यायची. पोरीला चटईवर पाय पसरून बसवायची आणि गुडघ्याखाली आपला हात घालून बघायची. पहिल्या शुक्रवारी गुडघ्याखालून मूठ आरपार गेली, वर एक मूठ जागा उरली. मग नुसती मूठ. मग आडवा तळहात. मध्ये दोन आठवडे तळहातावरच अडकलं, पुढे सरकेचना. मी हताश झाले. हद्दा म्हणाली, "कातडी हट्टी आहे. तूही आहेस. बघू कोण हरतं." बदामाला फुलं आली तेव्हा फक्त बोटांची पेरं जात होती.

आणि मग एका शुक्रवारी तिनं हात सरकवला तर तो गेलाच नाही. तिनं बोट घालून पाहिलं. नखही जाईना. गुडघा चटईला चिकटला होता. हद्दानं पोरीच्या कपाळाचा मुका घेतला आणि म्हणाली, "ऊठ. आईला चालून दाखव." रिहाम उठली आणि दोन्ही पावलं जमिनीला टेकवून उंबरा ओलांडून गेली. बाहेरून दावियाचा आवाज आला, नुसता "अय्या" असा.

आत मी आणि हद्दा. ती तळहातावरचं उरलेलं तेल माझ्याच मनगटाला चोळत होती. सगळं मार्गी लागलं होतं, तेव्हा मी विचारलं. कारण त्या दोन किटल्या माझ्या डोक्यातून जात नव्हत्या.

"खालती, खरं सांग. त्या दिवशी पहिली किटली थंड होती ना?"

"कोमट होती," ती म्हणाली. लाज नाही, शरम नाही.

"म्हणजे ते अढीचं वगैरे सगळं खोटं?"

"खोटं कसं? माझ्या सासूनं सांगितलंय, तिच्या सासूनं तिला सांगितलंय. अढी असली की तेल येत नाही. आणि पाणी कोमट असलं तरी येत नाही. दोन्ही खरं आहे."

"अगं पण एकच पोतं होतं! आम्ही बोललोच नसतो तर? फुकट गेलं असतं सगळं! पोरीचा पाय गेला असता!"

हद्दानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी भाकरी उलटायचंही शिकलेली नाही.

"तेलाचं काय घेऊन बसलीस? तेल मी कुठूनही आणलं असतं. पलीकडच्या गावात भीक मागितली असती, नाहीतर जैतुनाचं लावलं असतं. नर्सनं काय सांगितलं होतं? रोज दाबा. दाबणार कोण? दावियाचा हात थांबतो. माझी बोटं वाकडी झालीत, बघ. सगळ्या गावात पोर ओरडली तरी न सोडणारा हात एकच, आणि तो भिंतीपलीकडे रुसून बसला होता. त्या दिवशी मला तेल काढायचं नव्हतं, पोरी. तुला बाहेर काढायचं होतं."

 तिचा तेलकट हात मी बराच वेळ धरून ठेवला.